हा बग आहे की व्हर्जन? जुन्या नाण्यांवरचे ठसे आणि चुका

लोकलमध्ये चेंगरून उभे असल्यामुळे हेडफोन लावता आला नाही, किंवा ऑफिसमध्ये कान मोकळे ठेवावे लागतात, अशा सगळ्यांसाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना शंभर वेळा आलेलं "म्हणजे कसं आहे" काढून टाकलंय, बाकी मजकूर तोच.

नाण्यांवरचा पहिला एपिसोड केल्यापासून माझा इनबॉक्स म्हणजे छोटी टांकसाळ झालीय. रोज फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "दादा, हे किती लाखाला जाईल?" निम्म्याहून जास्त फोटो वैष्णोदेवीच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांचे असतात. ही नाणी २०१२ सालची आहेत, भरपूर पाडली गेली आहेत आणि त्यांची किंमत पाच रुपये आणि दहा रुपयेच आहे. अगदी चकचकीत, न वापरलेलं असेल तर एखादा संग्राहक थोडे जास्त देईल, एवढंच. तो विषय इथेच मिटवू.

उरलेले फोटो मात्र मजेदार असतात. कुठे अक्षरं दुहेरी दिसतात, कुठे मागची बाजू तिरकी असते, कुठे राणीच्या चेहऱ्यावरून रेघ गेलेली असते. आणि अधूनमधून कुणाच्या तरी आजीच्या डब्यातला १८६२ चा राणीछाप रुपया येतो. पाठवणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे नसतंच. "हा तर कॉमन आहे ना, सोनाराला देतोय," असं तो सहज लिहून जातो. हा एपिसोड खरं तर त्या वाक्यामुळे केलाय.

आधी नाणं बनतं कसं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवतात. खालचा ठसा, वरचा ठसा, म्हणजे डाय. चकतीच्या भोवती एक कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. धातू दाबला गेला की तो बाहेर पसरू नये आणि कडेला रेघा उमटाव्यात म्हणून ती कॉलर. वरून दाब बसला की एका झटक्यात दोन्ही बाजू आणि कड तयार. ठसे पोलादाचे असतात, पण तेही झिजतात, तडकतात. म्हणून एका मूळ नमुन्यावरून अनेक ठसे काढावे लागतात. जुन्या काळी या कामातला काही भाग हाताने व्हायचा. साल, ठिपके, टांकसाळीची खूण ठशावर वेगळ्या पंचने ठोकायचे. हात आला की फरक आला.

आता आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. नाण्यावर काही वेगळं दिसलं तर ते तीनपैकी एक असतं. ठशातच फरक असेल तर ते व्हर्जन. त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तो फरक असणार. याला संग्राहक डाय व्हरायटी म्हणतात. ठसा ठीक आहे, पण त्या एका नाण्याच्या वेळी मशीनमध्ये काहीतरी बिनसलं, तर तो बग. ही मिंट एरर. आणि नाणं टांकसाळीतून ठणठणीत बाहेर पडलं, मग कुणीतरी ते रुळावर ठेवलं, हातोड्याने ठोकलं, ॲसिडमध्ये बुडवलं, तर ती फुटलेली स्क्रीन. फोन पडून स्क्रीन फुटली तर आपण कंपनीला बग रिपोर्ट करत नाही. पण नाण्यांच्या बाबतीत लोक नेमकं तेच करतात.

तिन्हींतला फरक ओळखायला एक सोपी कसोटी आहे. तेवढी लक्षात राहिली तरी एपिसोड वसूल. ठशावर जे खोल असतं ते नाण्यावर उठून येतं. ठसा तडकला की तडा म्हणजे खोल फट. धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच, बारीक, वेडीवाकडी रेघ येते. म्हणजे रेघ उठावदार असेल तर ती टांकसाळीतली. रेघ खोल असेल तर बहुतेक वेळा नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा. नखाने नका बघू, दहापट भिंगाखाली बघा आणि उजेड बाजूने पाडा. उंच रेघेची सावली एका बाजूला पडते, खोल रेघेची उलट बाजूला.

तड्याची गंमत म्हणजे तो वाढत जातो. एकाच ठशातली पाच नाणी मिळाली तर तड्याच्या लांबीवरून कुठलं आधी पडलं आणि कुठलं नंतर, हे लावता येतं. कमिट हिस्टरीच म्हणा ना. शेवटी कडेचा तुकडाच निघून गेला तर नाण्याच्या त्या जागी नक्षीऐवजी उंच, सपाट गोळा येतो.

आता राणीछाप रुपयाकडे येऊ. हा माझा लाडका विषय आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया चालू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. आजी ज्याला तोळा म्हणायची तो हाच, एक रुपयाभार. (आता सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, ती वेगळी कथा.) त्या पहिल्या रुपयावर राजा चौथा विल्यम आहे आणि साल १८३५. विल्यम वारला १८३७ मध्ये, तरी १८३५ सालाचे रुपये १८४० पर्यंत पडत राहिले. त्याच्या मानेच्या कापाजवळ बारीक अक्षरं शोधा. कुठे एफ असतो, कुठे आरएस, कुठे काहीच नाही. एफ म्हणजे कलकत्ता टांकसाळीचे फोर्ब्स, आरएस म्हणजे रॉबर्ट सॉन्डर्स. एफसुद्धा कधी उठावाचा, कधी खोल. झाली की नाही चार व्हर्जन, एकाच सालात!

नंतर १८४० सालाचा व्हिक्टोरियाचा रुपया. याची दोन व्हर्जन तर भिंगाशिवाय कळतात. एकावर राणीचं नाव डोक्यावरून सलग कमानीसारखं जातं, दुसऱ्यावर ते डाव्या-उजव्या बाजूला तुटलेलं आहे. सलगवाला आधीचा, तुटलेला साधारण १८५० नंतरचा. पण साल दोन्हींवर १८४०! मागच्या बाजूला पानांची माळ आहे, तिच्यातली बारीक फळं मोजणारे लोक आहेत, कारण काही ठशांत ती विसाच्या आसपास आहेत तर काहींत तिशीच्या पुढे. हसू नका. आपण पिक्सेल मोजतोच की.

मग येतो १८६२. यावरही साल गोठलेलं आहे. १८६२ ते १८७३ पर्यंत जे रुपये पडले त्या सगळ्यांवर साल १८६२ च. १८७४ पासून पुढे दरवर्षीचं खरं साल यायला लागलं.

साल गोठवायची ही खोड कुठून आली? ती कंपनीच्याही आधीच्या बाजारातली गोष्ट आहे. पूर्वी रुपयावर बादशहाच्या राज्याचं वर्ष असायचं आणि नाणं जुनं झालं की सराफ बट्टा कापायचा. चांदी तेवढीच, पण वर्ष जुनं, म्हणून किंमत कमी. यावर उपाय म्हणून कंपनीने बंगालमध्ये सिक्का रुपयावर १९ हे राज्यवर्ष कायमचं बसवलं, सुरती रुपयावर ४६. सगळीच नाणी एका वर्षाची दिसली तर बट्टा कशावर कापणार? साल न बदलण्याची हीच रीत पुढे राणीच्या रुपयापर्यंत आलेली दिसते.

पण मग टांकसाळीला स्वतःला कसं कळणार की हे नाणं कुठल्या वर्षीचं? मुंबई टांकसाळीने त्याचं साधं उत्तर काढलं, ठिपके. मागच्या बाजूला सालाखाली बारीक ठिपके, काही नाण्यांवर वरच्या भागातही. वर्ष बदललं की ठिपक्यांची मांडणी बदलली. लोकांसाठी व्हर्जन नंबर लपवलेला आणि आतल्या टीमसाठी बिल्ड नंबर कोपऱ्यात लिहिलेला, हे आम्ही आजही करतो. संग्राहक हे ठिपके वर किती, खाली किती असे मोजतात. वर शून्य आणि खाली दोन असतील तर ०/२ असं लिहितात. काही मांडण्या ढिगाने मिळतात, काही खरोखर दुर्मिळ आहेत. शिवाय राणीच्या चेहऱ्याचे वेगवेगळे नमुने आहेत, त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिलीत. मागच्या नक्षीचे दोन नमुने आहेत. चेहरा, नक्षी आणि ठिपके यांची जोडणी म्हणजे त्या रुपयाचा पूर्ण पत्ता. हे सगळं व्यवस्थित लावण्याचं मोठं काम मेजर फ्रेड प्रिडमोर यांनी केलं आणि नंतर पॉल स्टीव्हन्स आणि रॅन्डी वीअर यांनी १८३५ ते १९४७ च्या नाण्यांवर जाडजूड ग्रंथ केला. लिलावाच्या यादीत प्रिडमोर नंबर दिसला तर तो हा.

हे प्रत्यक्षात किती महत्त्वाचं ठरतं ते सांगतो. माझी आजी गेली तेव्हा तिच्या पितळी डब्यात ४१ रुपये निघाले. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायचे ते. वारस चार, मामा, दोन मावश्या आणि माझी आई. सगळ्यांचं ठरलं होतं की वजनावर चार भाग करायचे, म्हणजे भांडण नको. थोरल्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, तिला तिचा भाग लगेच मोडायचा होता. सोनाराने भावही सांगून ठेवला होता, वर घट वजा. "राणी असो की राजा, मुशीत गेल्यावर सगळे सारखेच," असं त्याचं म्हणणं. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने खरंच होतं ते.

मी मामाकडून एक रविवार मागून घेतला. भिंग, शंभर ग्रॅमपर्यंतचा छोटा डिजिटल काटा आणि फोन. १८४० चे ९, १८६२ चे ८, १८७७ नंतरचे एम्प्रेसवाले १४, एडवर्डचे ६, पाचव्या जॉर्जचे ४. एम्प्रेसवाले जवळपास सगळे नेहमीचे निघाले. १८६२ च्या आठांत पाचांवर ठिपकाच नाही. उरलेल्या तिघांत दोघांचे ठिपके स्वच्छ मोजता आले. तिसऱ्याच्या खाली काहीतरी होतं खरं, पण दर दिवाळीला चिंच आणि राखेने घासून घासून ते गुळगुळीत झालेलं. एक ठिपका होता की तीन, आता कुणीच सांगू शकणार नाही. आजीने ते प्रेमानेच घासले होते, पण नाणेशास्त्राच्या दृष्टीने तो लॉग डिलीट झाला.

आम्ही वजनाची वाटणी रद्द केली. प्रत्येकी दहा नाणी, प्रकार बघून वाटलेली, आणि एक देवघरात. दोन्ही ठिपकेवाले रुपये थोरल्या मावशीच्या वाट्याला गेले, यावर कुणाचंच दुमत झालं नाही. पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात ते तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना दाखवले आणि ज्याने सगळ्यात जास्त सांगितले त्याला दिले. लाख नाही मिळाले हो. पण चांदीच्या भावापेक्षा कितीतरी जास्त मिळाले आणि ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी त्यातून निघाली. बाकीची आठ तिने सोनारालाच दिली. ते योग्यच होतं, कारण झिजलेल्या नेहमीच्या रुपयाला चांदीचा भाव हाच प्रामाणिक भाव आहे.

जॉर्ज पंचमच्या रुपयावर काय बघायचं, तेही विचारता तुम्ही. मागच्या बाजूला सगळ्यात खाली जे कमळ आहे, त्याच्या खाली बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा. नसेल तर कलकत्त्याचा. म्हणजे तो ठिपका खूण आहे, चूक नाही. आणि सालही बघा. १९११ असेल तर नाणं बाजूला ठेवा. त्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक साखळी आहे आणि तिच्यात हत्ती आहे. कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तिथे डुक्कर दिसलं. धार्मिक भावना दुखावल्या, ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपासच बाहेर पडले होते. उरलेले वितळवले आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती आला. इथे मशीन, ठसा, कामगार कुणीच चुकलं नव्हतं. चूक डिझाइनमध्येच होती. आमच्याकडे याला "वर्क्स ॲज डिझाइन्ड" म्हणतात आणि मग मीटिंग लावतात.

आता खरे बग, म्हणजे एका नाण्यापुरत्या चुका.

सगळ्यात देखणी म्हणजे ब्रोकेज. आपल्याकडच्या नाणेबाजारात हिला लाखी म्हणतात. होतं असं की छापलेलं नाणं एका ठशाला चिकटून बसतं. पुढची कोरी चकती येते आणि ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्यावर दाबली जाते. मग नव्या नाण्याची एक बाजू अगदी नीट आणि दुसऱ्या बाजूला तीच आकृती, पण आरशातल्यासारखी उलटी आणि आत दबलेली. राजाचं तोंड डावीकडे असेल तर मागे तेच तोंड उजवीकडे, खड्ड्यासारखं.

लाखीची नक्कल करणं सोपं आहे, म्हणून ती करतातही. दोन नाणी एकावर एक ठेवून शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, आवळली की मऊ धातूवर उलटा, खोल ठसा उमटतो. फरक कुठे दिसतो? खऱ्या लाखीत मूळची मागची नक्षी कधी उमटलेलीच नसते, म्हणून तिचा मागमूस नसतो. नकलीत ती उलट्या आकृतीच्या खाली चेपलेली दिसते. आणि दुसरी बाजू बघा, आवळताना तिच्यावरचे उंच भाग सपाट झालेले असतात. टांकसाळीत तसं व्हायचं कारणच नाही.

दुसरी चूक, ठसा फिरणं. आपल्या आताच्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने सरळ असतात. सिंह सरळ धरा, डाव्या-उजव्या कडेला चिमटीत पकडा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवा. मागची बाजू सरळ यायला हवी. थोडं तिरकं असणं अगदी सर्रास आहे, त्याला कुणी विचारत नाही. पण मागचा आकडा आडवा किंवा पूर्ण उलटा आला तर ती नोंद घ्यावी अशी चूक. मात्र अमेरिकन नाणं हातात घेऊन हीच चाचणी केलीत तर ते उलटंच येणार, कारण त्यांची पद्धतच तशी आहे. एका श्रोत्याने त्याच्या चुलत भावाने न्यू जर्सीहून आणलेल्या मूठभर क्वार्टर्सचे फोटो पाठवले होते, सगळी "एरर". नाही रे बाबा.

तिसरी, सरकलेला छाप. चकती ठशांच्या मध्यावर आली नाही की एका बाजूला चंद्रकोरीसारखा कोरा भाग राहतो. यात साल दिसत असेल तर किंमत जास्त, कारण त्याशिवाय नाणं कुठलं तेच ठरत नाही. भोकाचा पैसा आठवतो? १९४३ ते १९४७ चा, मधे मोठं भोक असलेला. त्यात भोक मध्यापासून सरकलेलं सापडतं. माळेत ओवायला मात्र तोही चालायचा.

चौथी गोष्ट दुहेरी अक्षरं. यावर सगळ्यात जास्त फोटो येतात आणि सगळ्यात जास्त निराशाही इथेच होते. दुहेरी दिसण्याची दोन कारणं आहेत. एक, ठसा तयार करताना नमुना दोनदा आणि जरा सरकून दाबला गेला. मग दुहेरीपण ठशातच आलं, म्हणजे ते व्हर्जन, आणि महत्त्वाचं. अमेरिकेचा १९५५ चा एक सेंट यामुळेच प्रसिद्ध आहे. दोन, छाप मारल्यावर ठसा जरासा हलला आणि ताज्या अक्षरांच्या कडा घासल्या गेल्या. याला मशीन डबलिंग म्हणतात आणि त्याला काडीची किंमत नाही. भिंगाखाली फरक असा दिसतो: खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही अक्षरं गोलसर, भरीव असतात आणि टोकांना खाच दिसते. मशीनवाल्यात अक्षराच्या बाजूला सपाट, चकचकीत पायरी असते आणि मूळ अक्षर तेवढ्याने बारीक झालेलं असतं. पाच रुपयांच्या ज्या नाण्यांचे फोटो तुम्ही मला पाठवता, ती आजवर तरी सगळी दुसऱ्या प्रकारातली निघालीत.

दोन नाणी एकाच ठशातली आहेत का, हे फोनवरही बघता येतं. दोन्हींचे फोटो वरून सरळ, एकाच उंचीवरून काढा. एडिटिंगच्या कुठल्याही ॲपमध्ये एकावर एक ठेवा आणि वरच्याची पारदर्शकता अर्धी करा. चेहरा जुळवला की सालाचे आकडे आणि ठिपके जुळतात का बघा. हाताने ठोकलेल्या गोष्टी दोन ठशांत तंतोतंत एका जागी कधीच येत नाहीत. मी यासाठी छोटी पायथन स्क्रिप्टही लिहिलीय, पण खरं सांगायचं तर डोळे जास्त चांगले चालतात.

शिवराईचं काय, हा प्रश्न येणारच. शिवराईला वरचे निम्मे नियम लावूच नका. ती मशीनची नाही, हातोड्याची आहे. ठसा हाताने कोरलेला, तांब्याचा तुकडा हाताने ठेवलेला, वरून घाव. ठसा बहुतेक वेळा तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच बसतात. म्हणून "अर्धंच नाव आलंय, सरकलेला छाप आहे" असं म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर हात जोडा. शिवराईत मजा व्हर्जनची आहे. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, हे ठरलेलं. पण शिवचा सिव होतो, ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, अक्षराचं वळण बदलतं, कडेच्या टिंबांची मांडणी बदलते. प्रत्येक ठसा कोरणाऱ्याचा हात वेगळा, आणि शुद्धलेखनाचे मास्तर तिथे उभे नव्हते. पुढे पेशवाईच्या काळातल्या दुदांडी शिवराईवर मागे दोन आडव्या रेघा येतात, म्हणून तर ती दुदांडी. शिवराई घेताना चूक शोधण्यापेक्षा ती खरी आहे का हे आधी बघा. साच्यात ओतलेल्या नकलेला पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात आणि कडेला कधीकधी जोड दिसतो. घाव घालून केलेल्या नाण्याच्या कडा तडकलेल्या असतात, ओतल्यासारख्या गुळगुळीत नाही.

आणखी काही गोष्टी ज्या चूक वाटतात पण नाहीत, त्या भराभर सांगतो. सालाखाली हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही म्हणजे कलकत्ता. १९८५ च्या रुपयावर एच दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटनचा, तेव्हा आपण नाणी बाहेरून पाडून घेतली होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटीही घेतली, म्हणून एमके म्हणजे स्लोव्हाकियातली क्रेम्निका आणि एमएमडी म्हणजे मॉस्को. दहा रुपयांच्या नाण्यावर रुपयाचं चिन्ह नाही म्हणून ते खोटं, ही अफवा इतकी पसरली की जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि सगळे चालतात. १९४७ चा वाघाचा रुपया चुंबकाला चिकटतो, म्हणून नकली नाही. तो निकेलचा आहे, चिकटणारच. चांदीचा राणीछाप चिकटला तर मात्र परत करा.

नकलीवरून आठवलं. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मिळ आहे आणि १९३८ चा सहज मिळतो. पुढे काय होतं ते सांगायला नको. शेवटचा आठ खरवडून नऊ केलेला असतो. वजन बरोबर, चांदी बरोबर, कारण नाणं खरंच आहे, फक्त एक आकडा खोटा. भिंगाखाली त्या आकड्याच्या आसपासचा पृष्ठभाग बाकीपेक्षा वेगळा दिसतो का ते बघा. १९३९ सांगणाऱ्याला स्वच्छ जवळून काढलेला फोटो मागा, आणि तो टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा.

फोटो पाठवताना फ्लॅश बंद करा. खिडकीजवळ उभे राहा, ऊन थेट नको, उजेड एका बाजूने हवा. नाणं कडेने धरा. दोन्ही बाजू आणि कड, असे तीन फोटो, आणि वजन दोन दशांशांपर्यंत. रुपया ११.६६, अर्धा ५.८३, पावला २.९२. झिजेने थोडं कमी चालेल, जास्त चालणार नाही. आणि कृपा करून धुऊ नका, घासू नका, पॉलिश लावू नका. काळपटपणा म्हणजे घाण नव्हे. लक्ष्मीपूजनाला चकचकीत नाणंच हवं असेल तर एक नेहमीचा रुपया त्यासाठी वेगळा काढा.

विकायचंच असेल तर दोन-तीन व्यापाऱ्यांना समोरासमोर दाखवा किंवा नामांकित लिलावात द्या. "तुमचं नाणं पाच लाखाला सिलेक्ट झालंय, आधी रजिस्ट्रेशनचे ९५० भरा," असा फोन आला तर ठेवून द्या. हे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो लावून पत्रं पाठवतात. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला स्पष्ट सांगितलंय की ती असल्या व्यवहारात नाही, कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा, दुसऱ्या दिवशी नाही. आणि परदेशातला गिऱ्हाईक राणीछाप रुपया कुरिअरने मागत असेल तर सरळ नाही म्हणा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, ते आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही.

प्रत्यक्ष बघायला जायचं असेल तर मुंबईत फोर्टला सर फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. अभ्यासच करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. पुढचा एपिसोड नोटांच्या नंबरांवर आहे, ७८६ वाले फोटो तोवर जपून ठेवा. आणि ज्या दोघातिघांनी "१८६२ आहे, सोनाराकडे चाललोय" असं लिहिलंय, त्यांनी दुकानात जायच्या आधी सालाखालचा फोटो मला पाठवा, आजच.